विजयाचा पसंतीक्रम मी लिहिला

विजया रामचंद्र भाटकर हिच्यावर अन्याय झाला. १९८६ च्या जुलै महिन्यात, इंजिनीअरिंगचे अर्ज टपालात टाकायच्या शेवटच्या दिवशी, दुपारी पावणेबारा वाजता, रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडसमोर एका स्टेशनरीच्या दुकानाच्या पडवीत. तिचे वडील तिथे होते, दुकानदार होता, अर्ज भरायला आलेली आणखी सातआठ मुलं होती. अन्याय करणारा कारकून नव्हता, प्राचार्य नव्हता, कारखानदार तर नव्हताच. तो मी होतो.

हे आधीच लिहून टाकलं, कारण संपादकांनी मला बजावलं आहे, “कामाचे अनुभव लिहा, पत्रक लिहू नका.” गेली सहा वर्षं मी पत्रकंच लिहितो आहे. पत्रकाचा शिरस्ता असा की पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला ते सांगायचं, दुसरीत कधी आणि तिसरीत कोणी केला. दुसरं काही मला येत नाही, तेव्हा त्याच शिरस्त्याने चाललो आहे. विजयाचं नाव तिला विचारून लिहिलं आहे. या खेपेला विचारलं.

आमचं काम काय ते सांगतो. आमच्या विद्यार्थी संघटनेकडे मालमत्ता दोनच, एक घडीचं टेबल आणि पूर्णवेळ कार्यकर्ता म्हणून मी. बारावीचे निकाल लागले की ते टेबल आम्ही नाना खातूंच्या दुकानाच्या पडवीत मांडतो आणि ऑगस्ट अर्धा सरेपर्यंत तिथे बसतो. लांजा, संगमेश्वर, गुहागर, कुठकुठून मुलं एस.टी.तून उतरतात ती थेट टेबलाशी येतात. आपल्याकडून घाटावरच्या किंवा मुंबईच्या कॉलेजात जायचं तर पहिला घाट अर्जाचाच चढायचा असतो. अधिवासाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिकेच्या साक्षांकित प्रती. तालुक्यातला कुठला राजपत्रित अधिकारी जेवणाआधी सह्या करतो आणि कुठला जेवणानंतर, हे मला तोंडपाठ आहे. कोणाच्या सहीसाठी बाहेर किती वेळ उभं राहावं लागतं आणि कोणाच्या दारात कुत्रा आहे, हेही.

पण अर्जातला खरा रकाना एकच, पसंतीक्रम. कॉलेजात शाखा पाचसहा, त्यांना एक, दोन, तीन असे आकडे घालायचे. यादी गुणांच्या क्रमाने लागते. तुमची पाळी आली तेव्हा तुमचा एक नंबर शिल्लक असेल तर तो तुमच्या गळ्यात पडतो. मग दोन नंबरला तुम्ही काय लिहिलं होतं हे कोणी बघत नाही.

आमच्या टेबलावर भांडण बहुतेक वेळा दोनच शाखांचं, मेकॅनिकल की केमिकल. बाहेरच्या माणसाला वाटेल यात भांडण्यासारखं काय आहे. इथे आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या घरांतून कोणी ना कोणी बोटीवर असतो, त्यामुळे मेकॅनिकल म्हणजे बोटीचं इंजिन, म्हणजे परदेश, म्हणजे वर्षावर्षाने घरी येणारा मुलगा. केमिकल म्हणजे खाडीकाठी येऊ घातलेली कारखान्यांची नवी वसाहत, म्हणजे घरापासून दोन तासांवर नोकरी. तेव्हा ज्या आईला मुलगा जवळ हवा ती केमिकल म्हणते आणि ज्या बापाला घर चिऱ्याचं बांधायचं आहे तो मेकॅनिकल म्हणतो. शिकायचं काय असतं, हा प्रश्न पडवीत कोणी काढत नाही.

म्हणून सांगून टाकतो. मेकॅनिकलवाल्याला विचार करायचा असतो की हे यंत्र चालेल कसं, झिजेल कुठे, तुटेल कधी. केमिकलवाला म्हणजे परीक्षानळीत रंग बदलून दाखवणारा माणूस नव्हे. या टाकीतला माल त्या टाकीत जाईपर्यंत बदलायचा आहे. तो किती तापवू, किती दाबाखाली ठेवू, किती वेळ ढवळू आणि उरलेली घाण कुठे नेऊ, हा त्याचा रोजचा विचार. केमिस्ट्रीत गुण चांगले म्हणून केमिकलला गेलेला मुलगा पंप आणि पाइप बघून हबकतो. मोटारसायकल खोलता येते म्हणून मेकॅनिकलला गेलेला मुलगा गणितं बघून हबकतो.

हे आज मला असं सरळ सांगता येतं ते विजयामुळे. त्या जुलैत मला यातलं निम्मंसुद्धा ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होती ती वसाहत. भोपाळला दोन वर्षंही झाली नव्हती. आपल्या खाडीवर कारखाने येणार असं कळल्यापासून मी गावोगाव सभा घेत होतो आणि अर्जांच्या टेबलावर पत्रकांचा गठ्ठा ठेवत होतो. मथळा माझाच होता: “केमिकलला नाही म्हणा!” खाली लिहिलं होतं की जो केमिकल एक नंबरला लिहील तो उद्या खाडीत विष सोडणाऱ्यांच्या हजेरीपटावर असेल. माझं व्याख्यान टाळावं म्हणून काही मुलं आल्या आल्या सांगायची, “भाऊ, मेकॅनिकल लिहा.” मी समजायचो, जागृती होते आहे.

तर शेवटचा दिवस. बाराला टपालाची थैली निघते आणि पावणेबाराला रामचंद्र भाटकर आले. आरे-वाऱ्याच्या अलीकडच्या एका वाडीतले. बावीस वर्षं बोटीच्या इंजिनरूममध्ये ऑइलमन होते, कान त्या आवाजाने गेलेले, त्यामुळे स्वतःही मोठ्याने बोलतात. मागे विजया, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले दाखले. गुण उत्तम होते. एवढे गुण त्या वर्षी आमच्या टेबलावर दुसऱ्या कोणाचे आले नव्हते.

“भाऊ, उशीर झाला. दाखला आजच गावला,” भाटकर म्हणाले. “एक नंबर केमिकल लिवा. देवानं पण उजवा दिलान.”

“कोणी काय दिलं?”

“कौल, कौल! काल गुरवाकडनं लावून घेतला.”

कौल कोकणात कोणाला सांगायला नको, पण हा दिवाळी अंक घाटावरही जातो म्हणून सांगतो. गुरव देवाच्या अंगावर उजवी-डावीकडे ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि प्रश्न विचारतो. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्नं यावर ठरतात, विहिरी यावर खणल्या जातात. इंजिनीअरिंगची शाखा यावर ठरलेली मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मला दुसरं काय हवं होतं? एकीकडे अंधश्रद्धा, दुसरीकडे केमिकल, आणि मध्ये हुशार मुलगी. माझी सगळी पत्रकं एकाच अर्जात येऊन उभी होती. मी भाटकरांना म्हणालो, “काका, शाखा देव ठरवणार? मग परीक्षेलाही त्यालाच बसवायचं होतं.”

पडवीतली मुलं हसली. भाटकर ओशाळून हसले. विजया हसली नाही. म्हणाली, “भाऊ, कौल बाबांचा. मला केमिकलच हवंय.”

“का?”

“आई आंब्याच्या कॅनिंगमध्ये जाते ना, सीझनला. तिथे रसाची कढई असते, तर तिच्यात काय होतं—”

“कॅनिंगचं राहू दे,” मी म्हणालो. “मुली केमिकल का घेतात माहितीये? वर्कशॉप नको म्हणून. प्रयोगशाळेत सावलीत काम असतं असं घरचे सांगतात म्हणून. या बाजूने मेकॅनिकलला गेलेली एक मुलगी मला दाखव. तू पहिली असशील.”

“पण मला नाही जायचं मेकॅनिकलला.”

आणि मग मी ते वाक्य बोललो. अभ्यासशिबिरात शिकलेलं, आणि वापरायची वाट बघत ठेवलेलं. म्हणालो, “तसं तुला वाटतं. ते तुझं मत नाही, विजया. देवळाने आणि घराने तुझ्यात भरलेलं मत आहे.”

या वाक्याला उत्तर नसतं. जो काही बोलेल तोही भरलेलाच बोलतो, असं म्हणता येतं. सतरा वर्षांच्या मुलीला काय उत्तर सुचणार? गल्ल्यावरून नाना खातू ओरडले, “अरे शहाण्या, तिला बोलू तरी दे!” मी म्हणालो, “नाना, पोस्टाची वेळ होत्येय.” पेन माझ्याच हातात होतं, कारण अर्ज आम्हीच भरून द्यायचो. मुलं चुका करतात, खाडाखोड करतात, म्हणून तशी पद्धत होती. मी मेकॅनिकलपुढे एक लिहिला आणि केमिकलपुढे दोन. भाटकर पुटपुटले, “भाऊ शिकलेले हायत, त्यांना कळत असंल.” विजयाने सही केली. मान वर केली नाही. मी समजलो, लाजली.

बाराच्या थैलीत अर्ज गेला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी पुष्कळ होतं. पण महिनाभराने यादी लागली, विजयाला मेकॅनिकल मिळालं, आणि मी पत्रक काढलं. “रत्नागिरीच्या कन्येने कौल झुगारला!” नाव घातलं नाही. पण वाडीचं वर्णन घातलं, वडील बोटीवर होते ते घातलं. म्हणजे ज्यांना कळू नये त्यांनाच तेवढं कळलं. एस.टी. स्टँडवर चिकटवलं, त्यांच्या वाडीकडे जाणाऱ्या गाडीतसुद्धा वाटलं. त्या पत्रकाचा मला फार अभिमान होता. छापखान्यात बसून खिळे मी स्वतः जुळवले होते.

गणपतीला विजया घरी आली आणि दुसऱ्या दिवशी पडवीत आली. टेबल घडी करून ठेवलेलं होतं, मी नानांच्या दुकानात पत्रकांना पत्ते घालत बसलो होतो.

“या इंजिनीअरबाई!” मी म्हणालो. “वर्कशॉप कसं काय?”

“चांगलंय. लोखंडाचा तुकडा घासून चौरस करायला देतात. माझा तुकडा सरांनी वर्गात फिरवला.”

“बघ! मी म्हणत नव्हतो?”

“भाऊ, तुम्ही काय म्हणत होता ते मला पाठ आहे,” ती म्हणाली. “मी काय म्हणत होते ते तुम्हाला आठवतंय का?”

मला आठवेना. खरं लिहितो. कढईबद्दल काहीतरी, एवढंच आठवत होतं.

मग तिने ते अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं. उभ्या उभ्याच. घरी पातेल्यात आमरस आटवताना बाई शेजारी बसून ढवळते. कॅनिंगमध्ये केवढी तरी मोठी कढई, भोवतालच्या कप्प्यातून वाफ सोडतात. कडेला रस काळवंडतो, मधला तसाच राहतो. आच वाढवली तर वास जातो, कमी केली तर डब्यात फुगतो. एका सीझनला आईच्या पाळीतला एका घाण्याएवढा माल ओतून द्यावा लागला आणि बोलणी बायकांना बसली, की तुम्ही नीट लक्ष ठेवलं नाहीत. “आईने ढवळायचं थांबवलं नव्हतं. पातेल्यात जे जमतं ते कढईत का जमत नाही, हे तिथे कोणालाच सांगता येत नव्हतं. मी फिजिक्सच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, हे केमिकल इंजिनीअरिंगमध्ये शिकवतात. त्या दिवसापासून मला केमिकल हवं होतं. दहावीत होते मी. आणि तुम्ही म्हणालात, देवळाने भरलंय.”

नाना खातू काचेचं कपाट पुसत होते, ते पुसतच राहिले.

“आणि दुसरं,” ती म्हणाली. “तुमच्या पत्रकात विषारी रसायनं लिहिलंय. कुठली?”

“म्हणजे?”

“नावं काय त्यांची? किती सोडली तर मासा मरतो? सोडायच्या आधी त्यांचं काय करता येतं? वसाहतवाले उद्या म्हणाले, आमचं पाणी स्वच्छ आहे, तर तुमच्यातलं कोण सांगणार ते खोटं आहे म्हणून? सगळी मेकॅनिकलला पाठवलीत.”

मी काय करतो अशा वेळी? जे येतं ते करतो. म्हणालो, “विजया, हा अन्याय आहे. आपण कॉलेजवर मोर्चा नेऊ. निवेदन देऊ, शंभर सह्या—”

“मोर्चा कॉलेजवर कशाला?” ती म्हणाली. “तुमच्यावर काढायला हवा.”

नाना फिसकन हसले. तिला मोर्चा नको होता. कॉलेजात चौकशी करून आली होती. केमिकलची एक जागा रिकामी झाली होती, पण कचेरीतून उत्तर मिळालं होतं की एक नंबरला तुम्हीच मेकॅनिकल लिहिलंत. तिला माझ्याकडून एक ओळ हवी होती, की हा क्रम मी लिहिला.

चार पानी पत्रक मी एका बैठकीत लिहितो. ही एक ओळ लिहायला मला दीड तास लागला. पहिल्या खर्ड्यात कोकणच्या मागासलेपणाबद्दल परिच्छेद होता. दुसऱ्यात भोपाळ होतं. ती वाचायची आणि खोडायची. शेवटी उरलं ते असं: “या अर्जातील पसंतीक्रम विद्यार्थिनीने सांगितल्याप्रमाणे न लिहिता मी माझ्या मताने लिहिला.” खाली माझं नाव.  कलेक्टर कचेरीसमोर पोलिसांनी उचलून नेलं होतं तेव्हा नाव सांगायला एवढा वेळ लागला नव्हता.

ओळीचा उपयोग झाला नाही. कॉलेजने कळवलं की अर्जावर विद्यार्थिनीची सही आहे, अक्षर कोणाचं याच्याशी कचेरीला कर्तव्य नाही. नियमाने बरोबर होतं. त्यात त्यांना दोष द्यायला मी पुष्कळ जागा शोधली, सापडली नाही.

आता दोन वाटा होत्या. मेकॅनिकलमध्ये राहायचं, नाहीतर प्रवेश रद्द करून पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा. तेव्हा यादी कुठे थांबेल, केमिकल मिळेल की नाही, याची हमी कोणी देत नव्हतं. कदाचित मेकॅनिकलही जायचं आणि केमिकलही. विजयाने दिवाळीपूर्वी प्रवेश रद्द केला.

त्यानंतर भाटकर मला शोधत आले. मला वाटलं, आज मार खाणार. ते समोर बसले आणि आपल्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, “भाऊ, तुमच्या पत्रकानं वाडीत माजी काय शोभा झाली, ता सांगत नाय. देवळात गेलो तर लोक विचारतात, काय रे, देवाला नाय म्हणालास? ता पण जाऊ दे. तुम्ही देवाचा शब्द खोडलात, तुमचा इश्वास नाय, ठीक. पण पोरीचा शब्द का खोडलात?”

मी म्हणालो, “काका, मला वाटलं, तुम्ही कौल लावून तिच्यावर लादलंत.”

“लादलं?” ते उठलेच. “अहो, गुरवानं कौल लावायच्या आधी तिला पुढं बोलावलान. म्हणाला, बाय, तुज्या मनात काय हाय ता पयलं मोठ्यानं सांग, मी देवाला तेवढाच विचारीन. तिनं सांगितलान केमिकल. का ता पण सांगितलान, त्या कढईचा सगळा. देवळात पंधरा मानसं ऐकत होती. मग त्यानं गाऱ्हाणं घातलान. माजी तर बोटीमुळं मेकॅनिकलवर श्रद्धा, पण तिचा ऐकून गप बसलो.” आणि पुढे म्हणाले, “गुरव चौथी शिकलाय. त्यानं विचारलान. तुम्ही विचारलात नाय.”

कौल मी आजही मानत नाही. कळी ओली असते, वजनाने पडते, यात देव कुठे नाही. पण त्या देवळात मुलीचं वाक्य पुरं होऊ दिलं गेलं आणि माझ्या टेबलावर नाही, ही गोष्ट काही केल्या खोटी ठरत नाही. मी ती बऱ्याच बाजूंनी तपासून पाहिली.

विजया ते वर्ष घरी बसली नाही. आंब्याच्या सीझनला आईबरोबर कॅनिंगमध्ये गेली, कढईशेजारी वही घेऊन उभी राहिली, किती वाजता वाफ सोडली, किती वेळाने रंग बदलला ते लिहीत गेली. मुकादम म्हणायचा, “काय गो, नाव लिवतेस काय आमचं?” आणि जूनमध्ये आम्ही टेबल मांडलं तेव्हा दुसरी खुर्ची घेऊन येऊन बसली. मी विचारलं, “तू इथे?” म्हणाली, “तुम्हाला एकट्याला सोडायचं नाही असं ठरवलंय.”

पहिल्याच दिवशी तिने पद्धत बदलली. पालकांनी समोरच्या सोडावाल्याच्या बाकावर बसायचं. अर्ज विद्यार्थ्यानेच लिहायचा, खाडाखोड झाली तर नवा अर्ज आणायचा, पण पेन दुसऱ्याने धरायचं नाही. आणि आकडे घालण्यापूर्वी दोन वाक्यं बोलायची, काय हवं आणि का. मधे कोणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. मी मधे बोललो की ती टेबलावर पट्टी आपटायची. पहिल्या आठवड्यात पट्टी मोडली.

त्या वर्षीचं एक गिऱ्हाईक सांगतो. बुरोंडीचा एक तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा म्होरक्या, मुलाला घेऊन आला. त्याला मेकॅनिकलच हवं होतं. बाकावरून ओरडून सांगायचा, “लिव मेकॅनिकल! दर्यात इंजिन बंद पडलं की मी शिव्या कोणाला घालू? घरचा माणूस नको?” मुलगा टेबलाशी बसून हळूच म्हणाला, केमिकल. का, तर बर्फ संपला की मासळी फुकट जाते, ती टिकवायची कशी ते शिकायचं आहे. विजयाने तांडेलाला हाक मारली आणि मुलाला सांगितलं, “आता हेच बाबांना सांग, त्यांच्याकडे बघून.” मुलाने सांगितलं. तांडेलाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, “हा मेला घरात कधी बोलला नाय. बोटीवर बर्फ मी टाकतो, याचा जीव जळतो हे मला काय ठाऊक?” आणि विजयाकडे वळून, “पण बाय, इंजिन?” ती म्हणाली, “मिस्त्रीला शिव्या घाला, काका. घरच्याला घातल्या तर जेवायला मिळणार नाही.”

“मला ठाऊक नाही,” असंही एक मुलगा म्हणाला. त्याचे वडील शिक्षक, केमिस्ट्रीचे गुण दाखवत केमिकल म्हणत होते. पूर्वी मी अशा मुलावर तुटून पडलो असतो. विजया म्हणाली, “चालेल. ठाऊक नाही हेही तूच सांगितलंस.” आणि त्याला एक सकाळ ओळखीच्या गॅरेजात आणि एक सकाळ कॅनिंगच्या बॉयलरपाशी उभा केला. तिसऱ्या दिवशी तो आला आणि म्हणाला, “हात काळे झाले तरी चालतील, तो गोड वास नको.” मेकॅनिकल. यापेक्षा फालतू कारणांनी लोकांनी शाखा निवडलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि हे कारण निदान त्याच्या स्वतःच्या नाकाचं होतं.

वसाहतीला माझा विरोध आजही आहे, सभा आजही घेतो. पण ते जुनं पत्रक मी बंद केलं. नव्या पत्रकात घोषणा नाही, विजयाने काढून दिलेले प्रश्न आहेत. कारखान्यात काय काय वापरणार, पाण्यात काय उरणार, ते कोण तपासणार, तपासलेलं गावाला कोण वाचून दाखवणार? हे पत्रक घेऊन वसाहतीच्या कचेरीत गेलो की साहेब लोक चहा मागवतात आणि उत्तर देत नाहीत. घोषणा दिल्या की चहाही मागवत नव्हते. म्हणजे प्रश्न लागतात. उत्तर मिळेपर्यंत विचारणार.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात विजयाने आपला अर्ज भरला. मी सोडावाल्याच्या बाकावर भाटकरांशेजारी बसलो. भाटकर म्हणाले, “तुम्ही बी पालक झालात काय?” मी म्हणालो, “नाही काका, आरोपी.” यादी लागायला महिना गेला. त्या महिन्यात मी रोज मनात हिशेब करत होतो, या वर्षी मुलांना गुण किती पडलेत, कोण वर आहे, आणि तिला काहीच मिळालं नाही तर मी त्या वाडीच्या रस्त्याने कसा जाणार. भाटकरांनी दुसऱ्यांदा कौल लावला का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

तिला केमिकल मिळालं. आज ती दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्याबरोबरच्या मुली तिसऱ्या वर्षाला आहेत. हॉस्टेलच्या जेवणघरात त्या आपल्या गटाने बसतात आणि विजया एक वर्ष लहान मुलींबरोबर बसते. हे एक वर्ष मी घेतलं. परत देता येत नाही. पत्रकात अशा वेळी “नुकसानभरपाई मिळालीच पाहिजे” असं लिहितात. मी ते लिहीत नाही, कारण भरपाई देणारा मीच आहे आणि माझ्याकडे वर्षं नाहीत.

आता तुमच्याकडे वळतो, कारण त्या पडवीत मी एकटा नव्हतो. माझ्यासारखे प्रत्येक घरात आहेत. कोणी बोटीच्या नावाने बोलतो, कोणी घराण्याच्या, कोणी समाजाच्या, कोणी क्रांतीच्या. सगळ्यांच्या हातात पेन असतं, आणि सगळ्यांना मुलांचं कल्याणच करायचं असतं.

तुमच्या घरात, नाहीतर शेजारी, यंदा बारावीला कोणीतरी आहे. हा अंक खाली ठेवा. त्या मुलाला किंवा मुलीला हाक मारा. विचारा, तुला काय शिकायचं आहे, आणि का. मग तोंड बंद ठेवा. उत्तर अडखळलं तर शब्द पुरवू नका. आवडलं नाही तर उठून पाणी प्या, पण पाणी पिऊन परत या आणि उरलेलं ऐका. “का” नंतरचं वाक्य पुरं होईपर्यंत तुम्हाला मत नाही असं समजा. जूनमध्ये विचारू म्हणाल तर चालणार नाही. जूनमध्ये दाखले शोधायचे असतात, थैली सुटायची असते आणि शहाण्या माणसाला घाई असते. आज विचारा. फराळाचं ताट समोर आहे, घरात सगळे आहेत, वेळ आहे. आत्ता विचारा.